पडद्याकडे पाठ

ओव्हाळ सर कुणाच्या घरी सिनेमा बघायला गेले की आधी एक साधी, हात नसलेली खुर्ची मागून घ्यायचे. ती टीव्हीच्या अगदी शेजारी ठेवायचे, पडद्याकडे पाठ आणि घरातल्या माणसांकडे तोंड करून बसायचे आणि म्हणायचे, "हं, लावा."

सिनेमा संपेपर्यंत ते एकदाही मागे वळून बघत नसत. आणि त्याच आठवड्यात त्या सिनेमाच्या डीव्हीडीचं परीक्षण माझ्या टेबलावर येऊन पडायचं.

माझं टेबल म्हणजे ठाण्यात माजिवड्याला, एका टायरच्या दुकानाच्या वर, आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीतलं. पाणी कधी येणार, कुठला रस्ता खोदलाय, नाट्यगृहात काय आहे असल्या बातम्यांचं ते साप्ताहिक. मी तिथे उपसंपादक होतो. शेवटच्या पानावर सरांचं सदर यायचं, 'घरचा पडदा'. व्हीसीडी मागे पडून डीव्हीडी घरोघरी यायला लागलेल्या त्या दिवसांत बाजारात कुठली डिस्क आलीये आणि ती घरी नेण्यासारखी आहे का, एवढंच ते सदर सांगायचं. सर कल्याणच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते आणि राहायला डोंबिवलीत, मानपाड्याला. मजकूर पोस्टाने पाठवला तरी चालला असता, पण ते स्वतः यायचे, माझ्यासमोर बसून मला तो वाचायला लावायचे आणि माझ्या कपाळाकडे बघत राहायचे. कुठे आठी पडली की विचारायचे, "कुठला शब्द?"

त्यांनी कधी सिनेमाला तारे दिले नाहीत. संपादकांनी दोनदा मागून पाहिले. सर म्हणाले, "तारे देणारा मी कोण? कोण कुठे झोपलं ते मी लिहितो, वाचणाऱ्याला कळतं." आणि खरंच ते तसंच लिहायचे. घरातली आजी जागी राहिली, हे त्यांच्याकडचं सगळ्यात मोठं कौतुक. घरातल्या बाईला पाणी प्यायला उठावंसं वाटलं, ही सगळ्यात मोठी नापसंती. आवाजाच्या बाबतीत मात्र ते निर्दय होते. संवाद बारीक आणि गाणी ढणाढणा अशी डिस्क निघाली की त्यांचं एक ठरलेलं वाक्य यायचं: "रिमोट धरणारा माणूस पिक्चर बघत नाही, नोकरी करतो."

सिनेमांतही त्यांना जादूचे सिनेमे प्रिय होते. उडते घोडे, बोलणारी झाडं, दगड झालेले राजपुत्र, कपाटामागून सुरू होणारी राज्यं. मला वाटायचं, एवढा वाचलेला माणूस, याला हे पोरकट प्रकार का आवडावेत? एकदा विचारलंही.

"प्रसादराव," ते म्हणाले. मी त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, पण ते मला चिडवायला 'राव' लावायचे. "मारामारीचा पिक्चर बाप बघतो. रडका आई बघते. जादूचा लागला की घर बघतं."

"पण थिएटरात बघायला जास्त मजा येते ना असले?"

"थिएटरात अंधार करतात. अंधारात कुणीही जादू करेल. आपल्या घरात ट्यूबलाइट चालू असते, कुकर शिट्ट्या देत असतो, इस्त्रीवाला बेल मारतो. त्या उजेडात जी टिकते ती जादू. मला तेवढंच तपासायचं असतं."

ते पहिल्यांदा कचेरीजवळच, माजिवड्यातल्या आमच्या घरी आले तेव्हाचं आईचं तोंड मला आजही आठवतं. सरांबरोबर त्यांची बायको होती, मंगलवहिनी. सर कुठेही सिनेमा तपासायला गेले तरी त्या बरोबर असायच्याच. त्या दिवाणावर बरोबर सरांच्या समोर बसल्या. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "वहिनी, चहा घेणार ना?" त्यांनी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, बाई जरा शिष्ट आहेत. सरांनीच दोघांचा चहा सांगितला.

आई पदराला हात पुसत दारात उभी राहून सरांची ती पाठमोरी बैठक बघत होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "हे पिक्चर बघायला आलेत का मुलगी बघायला?"

ती हळू बोलते असं तिला वाटायचं. सरांना ऐकू गेलं. ते म्हणाले, "आजी, दोन्हीकडे माणसंच बघायची असतात."

आईने सांगून टाकलं की तिला असल्या परीकथांत रस नाही, आणि ती भाजीची परडी घेऊन भिंतीला टेकून बसली. त्या आठवड्याच्या परीक्षणात सरांनी लिहिलं की माजिवड्याच्या एक आजी, ज्यांना परीकथांत रस नाही, राजपुत्राचा दगड होतो तिथे भाजी निवडायच्या थांबल्या, आणि ही या डिस्कची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. मी आईला ते वाचून दाखवलं.

"गवार होती," आई म्हणाली. "नुसतं भाजी काय लिहिलंय."

पण त्यानंतर दर थोड्या दिवसांनी ती विचारायला लागली, "तुझे ते पाठमोरे सर कधी येणार?"

सरांच्या त्या बैठकीचं खरं कारण मला कळलं ते आंबिवलीला. तिथे त्यांचा धाकटा भाऊ राहायचा, स्टेशनजवळच्या चाळीत. त्याच्याकडे जुना, पोट सुटलेला टीव्ही होता आणि त्यावर सगळं जरा हिरवट दिसायचं. सर म्हणायचे, डिस्क चांगली की वाईट हे महागड्या टीव्हीवर कळत नाही, आंबिवलीच्या हिरव्या परीक्षेत पास झाली पाहिजे. एका रविवारी दुपारी ते मला घेऊन गेले. दारातच त्यांची भावजय सुमन म्हणाली, "जयभीम दादा, या. आज पेपरवाल्यांना पण आणलंत का? मग मी साडी बदलते." आणि बदलून आली सुद्धा.

सिनेमात एक चेटकीण होती आणि एका मुलीला तिच्याकडून धाकट्या भावाचा आवाज परत आणायचा होता. सिनेमा रंगात आला आणि भिंतीवर शेजारून टकटक झाली. सुमन जीभ चावून म्हणाली, "अगं बाई, विसरलेच. शेजारच्या पिंकीची उद्या परीक्षा आहे. आवाज बंद करा रे."

"मम्मी, असं काय गं. आता कसं कळणार?" तिचा मुलगा कुरकुरला.

"कळायला काय झालं? काकांकडे बघ ना."

तिने आवाज बंद केला. आणि घरातल्या सगळ्यांनी, अगदी सहज, टीव्हीवरची नजर काढून शेजारच्या खुर्चीवर नेली. तेव्हा मी पहिल्यांदा सरांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. आवाज अजिबात नव्हता, पण प्रत्येक शब्द ओठांवर कोरल्यासारखा दिसत होता. मुलगी बोलायची तेव्हा त्यांचे ओठ लहान व्हायचे आणि भुवया वर जायच्या. राजा बोलायचा तेव्हा हनुवटी पुढे यायची. चेटकीण ते तोंडाच्या एका कोपऱ्यातून बोलायचे. आणि समोर मंगलवहिनी होत्या. त्यांची नजर सिनेमाकडे पळभर जायची आणि सरांकडे परत यायची, सुईत दोरा ओवताना जाते तशी.

मला काही कळेना. सुमन माझ्याकडे वाकून म्हणाली, "अहो, वहिनींना ऐकू येत नाही ना. दादा त्यांच्यासाठी बोलतात. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो.

"पेपरवाले ना तुम्ही?"

तिचा मुलगा म्हणाला, "काका भारी करतात. पिक्चरमधली चेटकीण एवढी खास नाही."

म्हणजे मी इतके दिवस ज्याला समीक्षकाची लकब समजत होतो ते हे होतं. संध्याकाळी स्टेशनकडे चालताना वहिनी सुमनबरोबर पुढे होत्या. सर स्वतःहून बोलायला लागले. लग्नानंतर काही वर्षांनी वहिनींना टीबी झाला होता. इंजेक्शनं चालू होती. "टीबी गेला," सर म्हणाले. "जाताना कान घेऊन गेला. मशीन लावून बघितलं, तिला नुसता गोंगाट व्हायचा. आधी तिला पिक्चरचं फार वेड. मग थिएटरात जायचं बंद झालं. तिथे अंधारात माझं तोंड कसं दिसणार तिला?"

"म्हणून घरी."

"म्हणून घरी. डिस्क आधी लायब्ररीत, कॉलेज सुटल्यावर दोनदा बघतो. संवाद, कुठे किती थांबायचं त्यासकट, तोंडावर आले की मग तिच्यासमोर बसतो. आता एवढं करतोच आहे, तर म्हटलं त्यावर सदर लिहावं."

त्यांच्या लग्नाच्या फोटोत सरांना झुपकेदार मिशी आहे. ती त्यांनी काढली ती वरचा ओठ झाकला जातो म्हणून. ते पान खात नसत आणि बोलताना तोंडावर हात नेत नसत. वहिनी बोलायच्या, पण त्यांचा आवाज मोठा आणि सपाट यायचा, स्वतःचा आवाज न ऐकलेल्या माणसाचा. त्यामुळे बाहेर त्या गप्प बसायच्या, आणि माझ्यासारखा त्यांना शिष्ट समजायचा.

ओठांवरून वाचताना 'मामा' आणि 'बाबा' हे दोन शब्द सारखेच दिसतात, हे मला सरांनी शिकवलं. एका सिनेमात दुष्ट मामा होता. सिनेमा संपल्यावर वहिनी खूप अस्वस्थ होत्या. म्हणाल्या, "सख्खा बाप असा वागतो? मुलांना दाखवू नये असलं." सरांना उलगडा व्हायला वेळ लागला. तेव्हापासून मामा आला की ते स्वतःचा कान पकडायचे.

एका वर्षी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, सरांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. झडपा, नळ्या, जे काय करतात ते केलं आणि घरी सोडलं. मी भेटायला गेलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. त्यांची नात तनू, तेव्हा बालवाडीतली असेल, शेजारी चित्र रंगवत होती. बाकीचं बोलणं झाल्यावर सर म्हणाले, "तनू, तू मला काल काय सांगितलंस ते काकांना सांग."

तनू खाली बघूनच म्हणाली, "तुम्ही नव्हतात ना, तेव्हा मी आणि आजीने परीचं पिक्चर लावलं. आजी टीव्हीकडे बघून हसतच नव्हती. माझ्याकडे बघून हसत होती. मी हसले की मग हसत होती."

सरांनी तिला आत पाठवलं. मग बराच वेळ पांघरुणाची कड सारखी करत राहिले. "मी काही त्या खुर्चीत कायमचा बसणार नाही, प्रसादराव," ते म्हणाले. "माझ्यामागे तिने काय करायचं? पोरीच्या तोंडाकडे बघून हसायचं?"

त्यानंतर त्यांच्या परीक्षणांचा सूर बदलला. चित्र कसं, आवाज कसा हे सगळं असायचं, पण शेवटी एक प्रश्न हमखास यायचा: मराठी अक्षरं आहेत का? म्हणजे पडद्याखाली संवाद मराठीत लिहून येतात का. ते कशावरच नसायचे. इंग्रजी असायचे, आणि वहिनींना इंग्रजी वाचता यायचं, पण त्या धावत्या वेगाने नाही. संपादक मला म्हणाले, "ओव्हाळांना सांगा, आता तेच तेच होतंय." मी सरांना सांगितलं नाही. माझ्याने होईना.

अशात 'मिठागरातली परी' आला. ठाण्याच्याच नितीन नावाच्या मुलाने काढलेला मराठी सिनेमा. खाडीकाठच्या मिठागरात राहणारी एक मुलगी, तिचा हरवलेला आजोबा आणि मिठाच्या ढिगात झोपलेली परी अशी गोष्ट. थिएटरात तो आठवडाभरही टिकला नाही. सगळी आशा डीव्हीडीवर होती. बाजारात आणण्याआधी त्याने नमुन्याची डिस्क सरांकडे पाठवली. सरांनी ती मानपाड्याला पाहिली, आंबिवलीला दाखवली आणि मग मला बरोबर घेऊन नितीनच्या ऑफिसात गेले.

"पिक्चर उत्तम आहे," सरांनी सांगितलं. "आंबिवलीच्या हिरव्या टीव्हीवर सुद्धा मीठ पांढरं दिसलं. मराठी अक्षरं का नाहीत?"

"इंग्रजी सबटायटल आहेत की, सर."

"ते मी बघितलं. मराठी?"

नितीन हसला. "सर, मराठी पिक्चरला मराठी सबटायटल कशाला? मराठी माणसाला मराठी ऐकू येतंच की."

"सगळ्यांना नाही," सर म्हणाले.

नितीन माझ्याकडे बघायला लागला. मी टेबलाकडे बघितलं. मग सरांनी त्याला वहिनींबद्दल सांगितलं, मला सांगितलं होतं तेवढंच, एकही शब्द जास्त नाही. नितीन चांगला मुलगा होता. तो ओशाळला. पण म्हणाला, "सर, पटतंय मला. पण आता हे करणार कोण? संवाद ऐकून टाइप करायचे, कुठे सुरू होतात, कुठे संपतात त्या वेळा टाकायच्या. माझ्याकडे माणूस नाही आणि दिवाळीनंतर डिस्क काढायचीये."

"मी करतो."

"तुम्ही? परीक्षण कोण लिहिणार मग?"

"ते नंतर बघू."

दिवाळीच्या सुट्टीत सरांनी ते काम केलं. मी रविवारी जायचो, टायपिंगला मदत म्हणून, पण खरं म्हणजे त्यांचं बघायला. त्यांना त्यात भलतेच प्रश्न पडायचे. विनोदाचं उत्तर नट बोलायच्या आधी पडद्यावर आलं तर वाचणारा आधी हसेल आणि एकटा पडेल, म्हणून ते वाक्य तोडून दोन भागांत दाखवायचं. कोण बोलतंय ते दिसत नसेल तर नाव द्यायचं. आणि आवाजांचं काय? सिनेमात एका ठिकाणी मुलगी वाळलेल्या मिठावरून अनवाणी चालते आणि त्या पावलांचा आवाज येतो. त्या आवाजावरूनच परी जागी होते. तो लिहायचा कसा? सरांनी कंसात 'पावलांचा आवाज' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी वहिनींना बोलावून ओठांनी विचारलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. पडद्यावरच्या त्या पावलांकडे त्यांनी बराच वेळ बघितलं.

"पापड भाजताना होतो तसा असेल," त्या मोठ्याने म्हणाल्या. "तसं लिहा. तो मला आठवतो."

सरांनी तसं लिहिलं. मग म्हणाले, "बघा. ऐकू येणाऱ्याला सुचलं नाही."

डिस्क आली त्या संध्याकाळी मी मानपाड्याला होतो. तनू होती, तिची आई होती. सरांनी रिमोटने मराठी अक्षरं लावली आणि सवयीने खुर्ची ओढली. मग थांबले. खुर्ची पुन्हा भिंतीला लावली आणि सोफ्यावर वहिनींच्या शेजारी जाऊन बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना पडद्यासमोर बसलेलं पहिल्यांदा बघत होतो. ते अवघडून बसले होते, दुसऱ्याच्या घरी बसल्यासारखे.

वहिनी वाचत होत्या. नजर पडद्यावरून हलत नव्हती. पहिला विनोद आला आणि त्या आणि तनू एकाच वेळी हसल्या. तनूने आजीकडे वळून बघितलं आणि पुन्हा पडद्याकडे बघायला लागली. मिठावरची पावलं आली, खाली 'पापड भाजल्यासारखा आवाज' असं आलं, आणि वहिनींनी मान हलवली, बरोबर आहे अशा अर्थी. सगळं सरांना हवं होतं तसं होत होतं. पण मला पडदा सोडून सोफ्याकडे बघायची सवय सरांनीच लावली होती, आणि सोफ्यावर मला सर दिसत होते. त्यांचे ओठ हलत होते. आजोबाला हनुवटी, मुलीला भुवया. ते थांबवायचा प्रयत्न करत होते, मध्ये ओठ मिटून घेत होते, आणि पुन्हा ते सुटत होते. वहिनींनी त्या पूर्ण सिनेमात त्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

सिनेमा संपल्यावर सर त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि विचारलं, "कसं वाटलं?"

वहिनींनी विचार केला. त्या कधी उगाच बरं म्हणायच्या नाहीत. "अक्षरं बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "एक चूक नाही. सगळं कळलं. पण सगळी माणसं एकाच आवाजात बोलतात."

सरांनी टीव्ही बंद केला. नंतर मला बसस्टॉपवर सोडायला आले तेव्हा म्हणाले, "पास झालो की नापास, काही कळलं नाही." ते हसले, पण ते हसणं मला नीट बघवलं नाही.

परीक्षण लिहायला त्यांनी नकार दिला. ज्यात आपण काम केलंय ते आपण तपासायचं नाही, हा त्यांचा नियम. "तिला लिहू दे," ते म्हणाले. "परीक्षक तीच आहे. मी इतकी वर्षं नुसता हमाल होतो." आणि त्या आठवड्याचा 'घरचा पडदा' मंगल ओव्हाळ यांच्या नावाने आला. आखीव, वळणदार अक्षर. त्यांनी लिहिलं होतं की बऱ्याच वर्षांनी त्यांनी नातीच्या बरोबरीने सिनेमा पाहिला, तिच्या मागून नाही. डिस्क जरूर घ्यावी. आणि शेवटी ते एकाच आवाजाचं वाक्य. सरांनी ते वगळू दिलं नाही.

मी इथे माझ्याबद्दल लिहायला बसलेलो नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. शेवटच्या वर्षांत माझ्या आईलाही कमी ऐकू यायला लागलं होतं. सरांना इतकं जवळून पाहिलेला मी काय करायचो? टीव्हीचा आवाज वाढवायचो आणि माझ्या खोलीत जाऊन दार लावायचो. ती तिथे काय ऐकत होती आणि काय नुसती बघत होती, मी कधी तिच्यासमोर बसून विचारलं नाही. तिने एकदाच म्हटलं, "तुझे सर आले असते तर मला कळलं असतं." मी म्हटलं, बोलावतो. बोलावलं नाही.

सर गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. हृदयानेच नेलं, झोपेत. जलदानविधीला मी गेलो. आंबिवलीची सगळी मंडळी होती. सुमन मला बघून रडली आणि म्हणाली, "आता पिंकीची परीक्षा असली की आम्ही कुणाकडे बघायचं?" पिंकीचं तेव्हा लग्न होऊन गेलं होतं.

वहिनी आता मुलीकडे कल्याणला असतात. तनू नोकरीला लागली आहे. डिस्कचा जमाना संपला, आमचं साप्ताहिक तर त्याही आधी संपलं. गेल्या महिन्यात मी वहिनींना भेटायला गेलो. मी जमेल तसा ओठ नीट हलवून बोललो, त्यांनी ते जमेल तसं वाचलं आणि राहिलेलं तनूने सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "आता फोनवर सगळ्यालाच अक्षरं येतात. मराठीत सुद्धा. ह्यांना किती बरं वाटलं असतं."

"मग बघता ना?"

"बघते की, सगळं कळतं." मग म्हणाल्या, "फक्त माझे डोळे मध्येच टीव्हीच्या बाजूला जातात. तेवढ्यात एक ओळ निघून जाते."

तनूने खाली बघितलं. मी चहाचा कप उचलला.

पण मला सर आठवतात ते त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यातले. साप्ताहिक बंद व्हायच्या बेतात होतं आणि सरांचं सदर पुढच्या अंकापासून नसेल हे मला त्यांना सांगायचं होतं. फोनवर सांगवेना, म्हणून गेलो. शुक्रवार होता. डोंबिवलीत शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, तशी गेली होती. वारा यावा म्हणून त्यांचं आतलं दार सताड उघडं होतं आणि बाहेरची जाळी नुसती लोटलेली. मी जाळीवर हात ठेवला आणि थांबलो.

टीव्ही बंद होता. दुपारच्या उजेडात दोघं समोरासमोर बसली होती, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. वहिनींच्या हातात पुठ्ठ्याचा पंखा होता, त्या सरांना वारा घालत होत्या. सर सांगत होते. कुठला सिनेमा ते मला लगेच कळलं, कारण त्यांनी तोंड एका बाजूला केलं आणि चेटकीण आली. हनुवटी पुढे काढली, राजा आला. वहिनी हसायला लागल्या तशी सरांनी बोट वर केलं, अजून संपलं नाही, थांब. घामाने त्यांचा बनियन पाठीला चिकटला होता. चेहरा थकलेला होता, पण ओठ इतके नीट, इतके सावकाश हलत होते की दारातून मलासुद्धा वाचता येत होतं.

त्यात सदराची बातमी कुठे घालायची? मी जाळीवरचा हात काढला आणि जिन्याकडे वळलो. चार पायऱ्या उतरलो असेन, तर वरून वहिनींचा मोठा, सपाट आवाज आला.

"थांबा, थांबा. चेटकीण काय म्हणाली ते पुन्हा सांगा."

त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. सर सांगत असणार.